कोठीमागची वाटी

आष्टी, ता. परतूर
१९ जुलै

प्रिय अर्पिता,

तुझा आवाजातला निरोप परवा ऐकला आणि काल पुन्हा ऐकला. तू तेरा ऑगस्टला विल्नियसहून निघणार, चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरी पोहोचणार, आईचं वर्षश्राद्ध झालं की पंचमीला कोठीमागच्या वाटीत स्वतःच्या हातानं दूध ठेवणार. तोवर भुजंगमामाला सापाला हात लावू द्यायचा नाही. एवढं सगळं तू एका दमात सांगितलंस आणि वर म्हणालीस, "बाबा, नुसतं हूं म्हणू नका, शब्द द्या." मी अजून उत्तर दिलेलं नाही. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. आई असताना ती बोलायची आणि मी शेजारी बसून ऐकायचो, त्यामुळे सवयच लागली नाही. म्हणून कागद घेतला. तो साप घरात राहू द्यायचा की नाही हे मला या दोन-तीन दिवसांत ठरवायचं आहे. तुला न सांगता ठरवलं तर तू मला माफ करणार नाहीस, आणि सांगून ठरवायचं तर बरंच सांगावं लागेल.

आधी इकडची खुशाली. सोयाबीन गुडघ्याला आलं आहे. यंदा अधिक महिना पडल्यामुळे सगळे सण लांबले, पंचमी थेट ऑगस्टच्या मध्यावर गेली. मामाचा कल्याण नुकताच जालन्यात बियाण्याच्या कंपनीत लागला, आणि योगायोगानं माझ्याच जुन्या खात्यात, उगवण चाचणीला. मला विचारायला आला होता की काका, तिथं काय करावं लागतं. मी म्हटलं, भिंग घेऊन बी पाहायचं, दिसेल तेवढंच लिहायचं, जास्तीचं काही लिहायचं नाही. तीस वर्षं मी तेवढंच केलं. घरी आल्यावरही बहुतेक तेवढंच करत राहिलो असेन.

मामाचं आणि माझं जूनमध्ये वाजलं ते तुला त्यानं तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. तो पेरणीच्या वेळी बियाण्याची पिशवी न्यायला मागच्या खोलीत गेला आणि पत्र्याच्या कोठीमागे त्याला शेपूट सरकताना दिसलं. बाहेर येऊन ओरडायला लागला, "दाजी, साप पाळून राह्यले का तुम्ही? आक्का गेली तवापासून तुमचं डोकं ठिकाणावर न्हाई." मी म्हटलं, अर्पितानं सांगितलं आहे, मारू नका. तर म्हणाला, "ती बसली तिकडं बर्फात. तिचा साप पोथीत हाय, तुमचा घरात हाय." शेजारच्या मालनबाई भिंतीवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भुजंगराव, नावानं भुजंग आन् सापाला भेता का हो?" तो म्हणाला, "नावानं हाय म्हणूनच म्हणतो वहिनी, घरात एक बस झाला." मालनबाई हसल्या, मलाही हसू आलं. घरात कुणी मोठ्यानं हसल्याला वर्ष होत आलं होतं. पण मामानं ते सोडलं नाही. परतूरहून मिथुन नावाच्या सर्पमित्राला दोनदा आणलं. त्यानं पिशव्या हलवल्या, कोपऱ्यातली फरशी उकरली. दोन्ही वेळा कातीचे नुसते चुरगळलेले तुकडे मिळाले.

आता त्या वाटीची गोष्ट. तुला वाटतं तुला ती सगळी माहीत आहे, कारण ती तुझ्यापासूनच सुरू झाली. तू तिकडे लोककथांचा अभ्यास करायला गेलीस तेव्हा आईला वाटलं होतं की पोरगी एवढ्या लांब जाऊन गोष्टीच काय शिकणार. मग तू दर रविवारी तिला लिथुआनियातल्या जुन्या सापांच्या गोष्टी सांगायला लागलीस आणि ती त्या लिहून ठेवायला लागली, कंपनीच्या जुन्या डायरीत. ती डायरी मी पाऊसकाळाआधी काढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिकडच्या घरांत म्हणे पूर्वी भट्टीखाली साप असायचा, झाल्टिस. त्याला मारायचं नाही. मारला तर घरधनी जातो. हिवाळ्यातल्या एका दिवशी लोक पांढरं स्वच्छ कापड अंथरून त्यावर जेवण मांडायचे आणि सापांना बोलवायचे. सापांनी जेवणाला तोंड लावलं तर वर्ष चांगलं, न शिवता परत गेले तर घरावर काहीतरी येणार. याच्याखाली आईनं रेघ मारली आहे. खाली लिहिलं आहे, "आपल्यासारखंच. फक्त आपला भाऊ आहे." म्हणजे आपल्याकडे नाग हा बाईचा भाऊ, आणि चतुर्थीचा उपास भावासाठी, म्हणून. तू तिला सांगितलं होतंस की तिकडे तो भाऊ नाही. तिकडे तो त्या घरातलं गेलेलं माणूस आहे. तुझं ते वाक्य तिनं जसंच्या तसं लिहून घेतलं आहे. या गोष्टींत साप म्हणजे मरण नाही, साप म्हणजे जो मागे थांबतो तो.

एक गोष्ट मला पाठ झाली आहे. म्हातारी सासू भट्टीखालच्या सापाला रोज दूध ठेवायची. ती वारली. सुनेला किळस होती, तिनं एके दुपारी चिमट्यानं सापाचं डोकं दाबलं आणि त्याला राखेत पुरलं. संध्याकाळी नवरा शेतावरून आला आणि उंबऱ्यातच थांबला. म्हणाला, आज आईचा आवाज का येत नाही? सुनेला समजेना, कारण सासूला जाऊन वर्ष झालं होतं. तो म्हणाला, मला तर रोज येत होता. गोष्ट एवढीच. तू आईला तिचा अर्थ समजावून सांगितलास. साप म्हणजे घराची आठवण, चिमटा म्हणजे नवं घर, असं काहीतरी. आईनं तो अर्थ लिहिला आणि खाली स्वतःचं लिहिलं, "त्याला ऐकू येत होतं तर बायकोला आधी सांगायचं ना. काय माणूस आहे." तू हसली होतीस. मी तिथंच बसलो होतो, मीही हसलो असेन.

त्याच वर्षी आपल्या मागच्या खोलीत साप दिसला. मी काठी घेतली तर आईनं हात धरला. त्याचा फोटो काढून तुला पाठवला. तू पाच मिनिटांत कळवलंस की हा कवड्या आहे, बिनविषारी, पाली-उंदीर खातो, राहू द्या, तुम्ही नशीबवान आहात. आईला एवढा आनंद मी क्वचित पाहिला. दुसऱ्या दिवसापासून कोठीमागे स्टीलची वाटी सुरू झाली. साप दूध पीत नाही, हे तू तिला सांगितलं होतंस. ती म्हणायची, पिऊ नको म्हणावं, मी ठेवते. सकाळी वाटी रिकामी असायची. मालनबाईंचं मांजर यायचं खिडकीतून, मी स्वतः पाहिलं होतं. आईला मी ते कधी सांगितलं नाही. तिला वाटी रिकामी पाहून बरं वाटायचं, त्यात माझं काय जात होतं.

गेल्या वर्षी पंचमीच्या आधी पाच-सहा दिवस वाटी भरलेलीच राहायला लागली. साय धरलेली, वर मुंग्या. आई रोज ओतून टाकायची आणि नवं दूध ठेवायची. ते डायरीत आहे. "आजही शिवला नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी लिहिलं आहे, "अर्पिताला विचारायचं, न शिवता गेला तर तिकडे काय करतात." त्या रविवारी तुझा फोन लागला नाही, तू कुठल्या तरी खेड्यात होतीस. चतुर्थीला ती नेहमीपेक्षा लवकर उठली. आंघोळ करून मागच्या खोलीत गेली. मी ओसरीवर होतो. आल्यावर बोट तोंडात धरलं होतं. म्हणाली, वाटी आत सरकवली थोडी, बिळाच्या तोंडाशी, म्हणजे त्याला यायला नको लांब. पत्रा लागला वाटतं. मी बोट पाहिलं. रक्त नव्हतं, काही नव्हतं. मग ती पुरणाची डाळ निवडायला बसली, कारण दुसऱ्या दिवशी मामा येणार होता आणि त्याला दिंडं आवडतात.

पुढचं मी तुला तेराव्याला सांगितलं होतं, पण सगळं सांगितलं नव्हतं. आठ वाजता तिच्या पोटात दुखायला लागलं. उपास होता, आदल्या दिवशीही ती नीट जेवली नव्हती. मी म्हटलं, थोडी भगर खा. ती म्हणाली, भावाचा उपास आहे, पाणीसुद्धा मोजकंच घ्यायचं. दहाच्या सुमारास तिच्या पापण्या खाली यायला लागल्या. ती बोटांनी पापणी वर धरून माझ्याकडे पाहायची आणि हसायची. जीभ जड झाली होती. मालनबाई आल्या, म्हणाल्या, "उपासानं ग्लानी आली, भाऊ. दरसाल असंच करती. निजू द्या तिला." मी तिला आडवं केलं, अंगावर पांघरूण घातलं, पंखा बारीक केला. बाराला मला वाटलं, शांत झोपली आहे. तिला हाक मारावी असं दोनदा मनात आलं, पण झोपमोड नको म्हणून मारली नाही. मग श्वास कसा तरी दिसला तेव्हा गल्लीतल्या रामकिसनची गाडी काढली. दवाखान्यात पोहोचायच्या आत संपलं होतं. वय, उपास, हृदय असं म्हणाले. अंगावर खूण नव्हती. कुणालाच दुसरं काही वाटलं नाही.

तू आलीस, तेरावा झाला, आणि परत जाताना मला म्हणालीस, बाबा, आईची वाटी बंद करू नका. मी केली नाही. थंडीत साप कुठं दिसला नाही. फेब्रुवारीत मागची खोली झाडताना कोठीच्या मागे कात सापडली, आईच्या जुन्या लुगड्यांच्या गाठोड्याला घासून काढलेली, अखंड. मी ती ओसरीवर उजेडात नेली आणि भिंग लावलं. सवयच ती. पाठीच्या मधोमध खवल्यांची एक ओळ होती, बाजूच्यांपेक्षा मोठी, षटकोनी, डोक्यापासून शेपटीपर्यंत. कवड्याला ती नसते. ती मण्यारीला असते. मी दोनदा मोजून पाहिलं, मग कल्याणच्या फोनवर चित्रं शोधून ताडून पाहिलं. मण्यार दुसरे साप खाते, हेही तिथंच वाचलं. कवड्या कुठं गेला ते मला तेव्हा कळलं. मांजर का येईनासं झालं तेही कळलं. मण्यारीच्या चाव्याचं दुखत नाही, खूण दिसत नाही, पोटात दुखतं, पापण्या पडतात, हेही सगळं तिथं ओळीनं लिहिलेलं होतं.

मग मी काय केलं असेल असं तुला वाटतं? काठी घेतली नाही. मामाला सांगितलं नाही. उन्हाळा संपता संपता ती पुन्हा दिसायला लागली. दिवेलागणीला कोठीमागच्या भिंतीतल्या फटीतून बाहेर येते, हातभर लांब येते आणि थांबते. काळी, निळसर, तेल लावल्यासारखी. मी दारात खुर्ची टाकून बसतो, पाय वर घेऊन. पहिल्या दिवशी मी तिला मारायच्या विचारानं बसलो होतो असं मला वाटतं. मग एकदा सहज म्हटलं, आज वीज गेली होती. दुसऱ्या दिवशी म्हटलं, मालनबाईंची सून माहेरी गेली. आता रोज अर्धा तास बोलतो. सोयाबीन, कल्याणची नोकरी, तुझी पत्रं, माझा गुडघा. तुझ्या आईशी, दैवशालेशी, एवढं मी तीस वर्षांत बोललो नाही. ती ऐकते असं मी म्हणत नाही, सापाला कान नसतात. पण बोलणं थांबलं की ती आत जाते, आणि बोलत राहिलो की राहते. मालनबाई एकदा दारातून डोकावल्या आणि मला विचारलं, "भाऊ, कुणाशी बोलून राह्यले?" मी म्हटलं, फोन होता. त्यांनी माझ्या दोन्ही रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि गेल्या.

मिथुन दोनदा आला तेव्हा ती भिंतीतच होती. तो कोपरा उकरत होता आणि मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. फट कुठं आहे ते मला ठाऊक होतं. त्यानं विचारलं, "काका, तुम्हाला नेमकी कुठं दिसती?" मी म्हटलं, नक्की नाही सांगता येत. तो चांगला मुलगा आहे, घाम पुसत गेला. मी अशानं त्याचा जीवही धोक्यात घातला हे मला मागाहून सुचलं.

हे सगळं आणखी काही दिवस असंच चाललं असतं. परवा दिवेलागणीला तू पाठवलेला निरोप मी मागच्या खोलीच्या दारात बसून लावला, मोठ्या आवाजात, कारण मला हल्ली कमी ऐकू येतं. तुझा आवाज सुरू झाला आणि ती बाहेर आली. नेहमीसारखी हातभर नाही. पूर्ण बाहेर आली, कोठीला वळसा घालून खोलीच्या मध्यावर, वाटीपर्यंत. तू बोलत होतीस तोवर तिथंच होती, डोकं जमिनीवर ठेवून. "पंचमीला मी माझ्या हातानं" असं तू म्हणालीस तेव्हाही तिथंच होती. निरोप संपला तशी आत गेली. जमिनीतून आवाज जातो, हादरा बसतो, एवढं मला कळतं. पण मी उठून दाराला बाहेरून कडी घातली. तू ज्याला मागे थांबलेलं माणूस म्हणतेस ते मीही गेले दोन महिने खरं मानून बसलो होतो. ते खरं असो की नसो, अर्पिता, त्या तोंडापुढे मी तुझा हात जाऊ देणार नाही.

पत्र लिहायचं कारण एवढंच असतं तर चार ओळींत संपलं असतं. तू हे वाचलंस की पहिला विचार तुझ्या मनात त्या फोटोचा येईल, आणि तू तो फोटो काढून पुन्हा पाहशील. पाहा. पट्टे मानेपासून सुरू होतात, रंग तपकिरी आहे, तो कवड्याच आहे. तू बरोबर सांगितलं होतंस, त्यात चूक नाही. चूक पुढची आहे आणि ती तुझी नाही. गेल्या वर्षी पंचमीच्या दहा-बारा दिवस आधी मी भुईमुगाचं पोतं काढायला गेलो होतो तेव्हा कोठीमागे साप पाहिला. मानेपाशी पट्टे नव्हते. खाली, बरंच खाली, बारीक पांढरे, जोडीजोडीनं होते आणि शेपटीकडे दाट होते. रंग काळा होता. तीस वर्षं वेगळं बी बाजूला काढलेला माणूस मी, मला वेगळं दिसलं नाही असं होईल का? दिसलं. आई अंगणात वाटी घासत होती, तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. मी पोतं ठेवलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हटलं, आपल्याला काय कळतं त्यातलं, पोरीनं एकदा सांगितलं आहे ना, उगाच हिचा आनंद कशाला घालवा. मी हात धुऊन चहा प्यायलो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, मागच्या खोलीतसुद्धा नाही. मंगळवारी मिथुन येणार आहे, हे लिहिता लिहिता मीच त्याला फोन केला. फट कुठं आहे ते मी त्याला बोट लावून दाखवणार आहे. तो तिला मारणार नाही, बरणीत घालून दूर माळावर सोडेल, तसं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तू येशील तेव्हा खोली रिकामी असेल आणि वाटी ठेवायला काही कारण नसेल. हे तुला तिथं असतानाच कळावं, म्हणजे येईपर्यंत मध्ये थोडे दिवस मिळतील, म्हणून पोस्टानं पाठवतो आहे. तुला मला काय बोलायचं असेल ते आल्यावर समोर बसून बोल. मी उठून जाणार नाही.

तुझाच,
बाबा
(रामप्रसाद)